इंजिनच्या बेअरिंगची झीज तेलातून ओळखता येते

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे परिसरात कापूस, सोयाबीन, मका ही पिके घेतली जातात. पेरणीला वाफसा मिळतो तो मोजकेच दिवस. नेमक्या त्याच वेळी ट्रॅक्टरचे इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हुकलेल्या पेरणीचे नुकसान अधिक ठरते. इंजिन जाम होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे बेअरिंगची झीज. तिची चाहूल इंजिनमधून ठोके ऐकू येण्याच्या बऱ्याच आधी तेलाच्या तपासणीतून मिळू शकते.

क्रँकशाफ्ट ज्या अर्धगोलाकार पट्ट्यांमध्ये फिरतो, त्या पट्ट्या म्हणजे मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. पारंपरिक रचनेत त्यांची पाठ पोलादाची, त्यावर तांबे व शिसे यांच्या मिश्रधातूचा थर आणि सर्वांत वर शिसे व कथिल यांचा मुलामा असतो. हा मुलामा साधारणतः १५ ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. इंजिन सुरू असताना क्रँकशाफ्ट तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत राहतो. धूळ, तेलात मिसळलेले डिझेल किंवा रेडिएटरचे पाणी यांमुळे हा पडदा तुटला की धातूला धातू घासू लागतो.

घासलेल्या धातूचे सूक्ष्म कण तेलात उतरतात. प्रयोगशाळेतील वर्णपटमापीत तेलाचा नमुना अतिउच्च तापमानाला जाळला जातो. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते. त्यावरून दहा लाख भागांत कोणत्या धातूचे किती भाग आहेत, हे समजते. वरचा मुलामा झिजू लागला की प्रथम शिसे व कथिल वाढते. झीज खाली पोहोचली की तांबे वाढते. लोहही चढू लागले, तर क्रँकशाफ्ट घासला जात असण्याची शक्यता असते. सिलिकॉनची वाढ बहुधा एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ दर्शवते, तर सोडियम व पोटॅशियम शीतकाची गळती सुचवतात.

ही पद्धत रेल्वेतून पुढे आली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी ती वापरली आणि १९५५ मध्ये अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी तिचा अवलंब केला. भारतात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अल्को बनावटीची डिझेल इंजिने आली. पुढे रेल्वेच्या डिझेल शेडमधील नियमित देखभालीत तेलाच्या अशा तपासणीचा समावेश झाला.

मात्र एकाच अहवालावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. नव्या ऑइल कूलरमधूनही तांबे तेलात उतरते. मधल्या काळात नवे तेल भरले असेल, तर आकडे कमी दिसतात. म्हणून इंजिनचे तास, तेल बदलल्याची तारीख आणि भरलेल्या तेलाची नोंद ठेवून लागोपाठच्या तीन-चार नमुन्यांची तुलना करावी लागते. आकडा किती आहे, यापेक्षा तो किती वेगाने वाढतो हे महत्त्वाचे. नमुना इंजिन गरम असताना, कोरड्या व स्वच्छ बाटलीत घ्यावा. तेल बदलताना घ्यायचा असल्यास सुरुवातीची व शेवटची धार सोडून मधली धार धरावी.

या तपासणीला मर्यादाही आहेत. वर्णपटमापी साधारण पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट मोजू शकत नाही. बेअरिंगचे तुकडे पडू लागले असतील, तर आकडे सामान्य दिसूनही धोका कायम असतो. अशा वेळी जुना ऑइल फिल्टर कापून त्यातील चकाकणारी कीस पाहणे उपयोगी ठरते. शिवाय अनेक नव्या इंजिनांत शिसेविरहित बेअरिंग असतात. तेथे ॲल्युमिनियम, कथिल किंवा बिस्मथ पाहावे लागते.

शंका वेळीच आली, तर चेंबर उघडून केवळ बेअरिंगचे शेल बदलून भागू शकते. उशीर झाल्यास क्रँकशाफ्ट काढून लेथ वर्कशॉपमध्ये ग्राइंड करावा लागतो आणि ०.२५ मिमी किंवा त्याहून अधिक अंडरसाइजचे शेल बसवावे लागतात. त्यामुळे पहिला नमुना पेरणीच्या तोंडावर न घेता हंगाम संपताच घेणे श्रेयस्कर. दुरुस्तीसाठी पुरेसा अवधी हाती राहतो.