पदराची कोंडी

वाचकहो, आपल्या घरी आजीचे एखादे इरकल लुगडे ठेवणीत असेल, तर पुढे वाचण्याआधी ते बाहेर काढा. पदर उलटा करा. अंगाचा रंग संपून पदराचा लाल रंग जिथे सुरू होतो, त्या रेघेवरून बोट फिरवा. फासांची बारीक ओळ हाताला लागेल. त्या जोडाला इलकलमध्ये ‘कोंडी’ म्हणतात. मराठीत कोंडी म्हणजे अडवणूक. विणकराच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

मी इतिहासाचा पंडित नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. आमच्या पद्धतीत रुग्णाला पुष्कळ विचारावे लागते : झोप कशी, भूक कशी, दिवसभर काम काय. अशाच विचारपुशीत, बेळगावात लेकीकडे राहायला आलेल्या एका वृद्ध इलकलकर विणकराकडून मला माग समजला. तक्रार होती गुडघ्यांची आणि डोळ्यांची. उत्तरात निघाले अख्खे आयुष्य.

हा माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पट्ट्या आळीपाळीने दाबतो. त्याने ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधून धोटा धावतो आणि फणीचा ठोका बाणा घट्ट बसवतो. त्याआधी सूत रंगवणे, ताणा करणे, खळ देणे, कांड्या भरणे ही कामे असतात. त्यांतली बरीचशी बायका करतात. म्हणजे माग एकाचा दिसतो, पण राबते सगळे घर.

इरकलीचे वेगळेपण ताण्यात आहे. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी. हे दोन ताणे फासात फास अडकवून, धाग्याला धागा लावून जोडावे लागतात. म्हणून एका लुगड्यापुरताच ताणा तयार होतो. पुढच्या लुगड्याला पुन्हा हजारो धागे, पुन्हा कोंडी. पदरावर लाल पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढरी नक्षी असते. कुठे कंगव्याचे दाते, कुठे किल्ल्याचा तट, कुठे जोंधळ्याचे कणीस. काठांना गोमी, चिक्की परास, गाडी अशी नावे आहेत. काठाला नाव आहे, गावाला भौगोलिक मानांकन आहे. विणणाऱ्याचे नाव मात्र लुगड्यावर कुठेही नाही.

इलकल आज बागलकोट जिल्ह्यात आहे. १९९७पूर्वी ते विजापूर जिल्ह्यात होते आणि १९५६पर्यंत तो जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढे सीमारेषा आखली गेली, पण लुगडे ती ओलांडतच राहिले. विणणारा कानडी बोले, नेसणारी मराठी, आणि दोघांनाही डाळिंबी रंग नेमका कोणता ते ठाऊक असे.

खरी कोंडी आली ती यंत्रमागामुळे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या मागाने हजारो घरांत चूल पेटवली, म्हणून त्याला नावे ठेवणे मला पटत नाही. पण पुढे यंत्राने इरकलीची नक्कल स्वस्तात बाजारात आणली, तेव्हा हातमागाची मजुरी दबली. १९८५ साली सरकारने कायदा करून २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. पुढे ती यादी ११ वर आली. कायदा कागदावर राहिला आणि नक्कल दुकानात. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशभर ३५ लाखांवर विणकर आणि त्यांचे साहाय्यक नोंदले गेले. त्यांत २५ लाखांहून अधिक स्त्रिया आहेत. ही संख्या लहान नाही. इतकी माणसे आपल्या डोळ्यांदेखत निमूटपणे जगत आहेत.

आता माझी एक चूक सांगतो. आमच्या जैन घरात आई रेशीम नेसत नसे. कोश उकळून काढलेला धागा तिला चालत नसे. कृत्रिम रेशमाच्या पदराची इरकल मात्र तिला फार प्रिय. तिच्या पंचाहत्तरीला मी घाईत एक झगमगीत इरकल घेऊन आलो. तिने पदर उलटा केला, बोट फिरवले आणि घडी घालून बाजूला ठेवली. एवढेच म्हणाली, “याला जोड नाही रे.” स्वस्त मिळाली म्हणून मी खूश होतो. ती बचत कोणाच्या ताटातून आली होती, ते मला त्या दिवशी कळले नाही.

कळले ते त्या वृद्ध विणकरामुळे. मी त्यांना विचारले, कोंडी घालायला इतका वेळ जातो, त्याचे वेगळे पैसे मिळतात का? ते हसले. “डॉक्टर, पदर सगळ्यांस्नी दिसतोय. कोंडी कुणाला दिसतीया? मजुरी लुगड्याची.” त्यांच्या मुलाने माग सोडला होता. त्यात मुलाचा दोष त्यांनी काढला नाही, मीही काढत नाही. ज्या कामाने बापाचे गुडघे घेतले आणि घर मात्र उभे केले नाही, ते काम मुलाने का धरावे?

वाचकहो, परंपरा वाचवा असे म्हणणे सोपे आहे. विणकराला आपल्या कौतुकाची नव्हे, दामाची गरज आहे. पुढच्या लग्नसराईत इरकल घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढेच म्हणा, “पदर उलटा करा, कोंडी दाखवा.” आणि ती हाताला लागली, तर भाव पाडून मागू नका.