शरणपूरची मुलं

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज दुकानं, क्लासेस आणि संध्याकाळचं ट्रॅफिक आहे. हे नाव पडलं एका वसाहतीवरून. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात इथे शरणपूर वसवलं. पुढे तिथे मुलामुलींसाठी एक आश्रम निघाला. ही मुलं आफ्रिकन होती. गुलामीतून सुटलेली.

गुलामांचा व्यापार म्हटलं की आपल्यासमोर अटलांटिक महासागर येतो. साधारण साडेतीन शतकांत सव्वा कोटी आफ्रिकन माणसं त्या जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली लाखो वाटेतच मेली. ब्रिटनने १८०७ साली आपल्या माणसांना या व्यापाराची बंदी केली. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आपल्या बाजूच्या समुद्रात, तो चालूच राहिला. झांझिबारला गुलामांचा बाजार उघड भरायचा. तिथल्या व्यापारात पैसा लावणाऱ्यांत कच्छचे सावकारही होते. त्यामुळे ही फक्त गोऱ्यांची आणि अरबांची गोष्ट आहे, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. घरी सोडलं तर ही मुलं पुन्हा पकडली जाण्याची भीती होती. म्हणून त्यातल्या अनेकांना मुंबईला उतरवायचे आणि काहींना नाशिकला पाठवायचे. तिथे त्यांना शाळा मिळाली, सुतारकाम-लोहारकाम मिळालं आणि बाप्तिस्म्याबरोबर नवं नाव मिळालं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, जुन्या नोंदीवर नवी नोंद चढली आणि बॅकअप कोणी ठेवला नाही.

अशाच एका याओ जमातीच्या मुलाचं नवं नाव होतं जेकब वेनराइट. नाशिकला शिकलेला हा तरुण डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्यासोबत होता. १ मे १८७३च्या सुमारास, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव कोरलं. मग चुमा, सुसी, वेनराइट आणि इतरांनी ते शव हजारभर मैल वाहून किनाऱ्यावर आणलं. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत वेनराइटही होता.

त्याच १८७३च्या जूनमध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटलेल्यांना त्यांनी ते अर्पण केलं, ते आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांची आठवण करून देत. आणि ब्रिटिश आरमाराच्या धाकाने झांझिबारच्या सुलतानाने करारावर सही केली. बाजार बंद झाला. त्या वाटाघाटींसाठी लंडनहून आधी गेला होता बार्टल फ्रिअर, मुंबईचा माजी गव्हर्नर.

मग मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी गाव वसलं. तिथे शिकवायला, बांधकामाला, वस्ती उभी करायला नाशिकला वाढलेली माणसं गेली. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. ज्या किनाऱ्यावरून त्यांना पळवलं होतं, तिथेच ती दुसऱ्यांना आसरा द्यायला उतरली. गावाचं नाव मात्र पडलं फ्रिअर टाउन.

मी कोल्हापूरचा. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात महार वतन रद्द केलं, याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्या वतनाखाली पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं करणाऱ्या, आणि सुटल्यावर नव्याने आयुष्य उभं करणाऱ्या किती जणांची नावं आम्हाला येतात? बेडी काढणाऱ्याचं नाव चौकाला, गावाला मिळतं. बेडी निघाल्यावर जे चालायला लागले, त्यांची नावं शोधावी लागतात. कधी कोल्हापुरातल्या एखाद्या गल्लीत, कधी नाशिकच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर.