प्लेगची भीती आणि मदनपुऱ्यातील मुलगी

मुंबईच्या मदनपुरा परिसरात ९ मार्च १८९८ रोजी प्लेगचा तपास करणारे पथक एका जुलाह्याच्या घरी गेले. घरात बारा वर्षांची मुलगी आजारी होती. पथकाला तिला इस्पितळात न्यायचे होते, घरच्यांचा ठाम नकार होता. बघता बघता गर्दी जमली, दगडफेक सुरू झाली, पोलिसांनी गोळीबार केला. दंगल शहरात पसरली आणि माणसे मेली.

मुसलमानांचे धर्मवेड, असा या घटनेचा अर्थ लावणे सोपे आहे. परंतु तो खरा नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेलेला जमाव गिरणी कामगारांचा होता. पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, २२ जून १८९७ रोजी, त्या चापेकर बंधूंनी. धर्म वेगवेगळे, पण संताप एकच होता.

हा संताप कशातून आला? डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घराघरांत झडती सुरू झाली. गाठ शोधण्यासाठी काखा आणि जांघा चाचपल्या जाऊ लागल्या, बायकांच्याही. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणे बंद झाले. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. मग तिथे माणसे मारून त्यांची मोमिआई काढतात, अशी अफवा पसरली. अफवा खोटी होती. पण तिच्या मागची भीती पोकळ नव्हती. उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेल्या विणकराजवळ घराची इज्जत सोडून दुसरे होते तरी काय?

भीतीने माणसाचा विचार थांबतो, असे आपण म्हणतो. या इतिहासावरून मला वेगळे दिसते. घाबरलेला माणूस विचार करतोच, मात्र कोणाचे ऐकायचे हे त्याची भीती ठरवते. परक्याची खरी गोष्ट तो नाकारतो आणि आपल्या माणसाचे म्हणणे ऐकतो.

त्याच मुंबईत याचा पुरावा आहे. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक लसीला भीत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा दिली आणि सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. त्यानंतर हजारो खोजांनी ती घेतली. शास्त्र तेच होते, सांगणारा बदलला होता. पुढे सरकारनेही सक्ती सैल केली आणि जातीजमातींच्या स्वतंत्र इस्पितळांना वाव दिला.

धर्मही आड आला नसता. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथून पळूनही येऊ नये, ही पैगंबरांची शिकवण प्रसिद्ध आहे. खलिफा उमर शामकडे निघाले असता वाटेत साथीची वार्ता कळताच मागे फिरले होते. हे जुलाह्यांना प्रेमाने सांगणारा कोणी त्या पथकाबरोबर असता तर?

मदनपुऱ्याच्या दंगलीच्या जवळपास एक वर्ष आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन इस्पितळात पोहोचवले होते. मूल इथेही इस्पितळातच नेले गेले. फरक नेणाऱ्या हातांचा होता.

शासनाने यातून धडा घ्यावाच, पण तो आपल्यालाही लागू आहे. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा घाबरलेल्या समाजाला दोषी कोणीतरी हवा होता आणि बोट तबलिगी जमातीकडे वळले. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. निकाल आला, पण तोपर्यंत शेजारी शेजाऱ्यापासून दुरावला होता.

पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. तिच्या आधी एकमेकांच्या घरी जाणे-येणे तरी सुरू राहिले पाहिजे. संकटात दार ओळखीच्याच माणसाला उघडले जाते.