हवेतील विषाचा पिकांवर आणि जंगलांवर घाला

घरी गोडा मसाला करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला दगडफूल ठाऊक असते. मात्र हे फूल नव्हे. झाडांच्या साली आणि खडक यांवर वाढणारा हा जीव बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून तयार होतो. त्याला मुळे नसतात आणि पानांवर असते तसे मेणाचे संरक्षक आवरणही नसते. पाणी आणि क्षार तो थेट हवेतून व पावसातून शोषून घेतो, आणि त्यांच्याबरोबर हवेतील विषही. विल्यम नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील अशा वनस्पतींची नोंद केली होती. शहराच्या धुरकट भागांतून त्या नाहीशा होतात आणि स्वच्छ हवेत तग धरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. हवेची प्रत मोजणारी यंत्रे येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

वायुप्रदूषण म्हटले की आपल्याला दमा, खोकला आणि दिल्लीचा हिवाळा आठवतो. माणसाच्या फुफ्फुसांची काळजी करणे योग्यच आहे. परंतु झाडाला जागा सोडून पळता येत नाही, आणि त्याच्या प्रत्येक पानावर हजारो पर्णरंध्रे दिवसभर उघडी असतात. कर्बवायू आत घेण्यासाठी निसर्गाने ठेवलेल्या याच दारातून सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि ओझोन आत शिरतात.

शेतकऱ्यांनी लढलेला खटला

सल्फर डायऑक्साइडचे दुष्परिणाम सर्वांत आधी लक्षात आले ते धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या परिसरात. कॅनडातील ट्रेल येथे शिसे आणि जस्त यांचा मोठा कारखाना होता. त्याचा धूर कोलंबिया नदीच्या खोऱ्यातून वाहत सीमेपलीकडे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जाई. तेथील शेतकऱ्यांची पिके आणि डोंगरावरची झाडे करपू लागली. प्रकरण दोन देशांच्या लवादापुढे गेले. १९३८ मध्ये लवादाने ७८ हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि १९४१ च्या अंतिम निकालात म्हटले की, आपल्या भूमीवरील धुराने शेजारी देशाचे गंभीर नुकसान होऊ देण्याचा अधिकार कोणत्याही राष्ट्राला नाही. आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याचा पाया म्हणून हा निकाल आजही शिकवला जातो. त्याच्या मुळाशी मात्र करपलेली शेते होती, हे बहुधा विसरले जाते.

आपल्याकडेही असे उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. उत्तर भारतातील आमराईत फळाचे टोक काळे पडून कुजते. १९०९ मध्ये नोंदल्या गेलेल्या या विकाराला 'काळे टोक' असेच नाव आहे. तो रोगजंतूंमुळे होत नाही, तर जवळच्या वीटभट्ट्यांच्या धुरातील वायूंमुळे होतो. म्हणून बागेपासून भट्टी दूर ठेवण्याचा सल्ला फळबागतज्ज्ञ देतात.

आम्लवर्षा: जमिनीतून होणारी झीज

पानावरचा डाग दिसतो, मातीतला बदल दिसत नाही. धुरातील गंधक आणि नायट्रोजन यांची हवेत आम्ले बनतात आणि पावसाबरोबर खाली येतात. 'आम्लवर्षा' हा शब्द रॉबर्ट अँगस स्मिथ या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मधील आपल्या पुस्तकात वापरला. पण तिची व्याप्ती जगाला कळण्यास आणखी शंभर वर्षे लागली. स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, स्कँडिनेव्हियातील तळी ज्या गंधकाने आम्लधर्मी होत आहेत ते ब्रिटन आणि मध्य युरोपातील धुरांड्यांतून येते. अमेरिकेत हबर्ड ब्रूक येथील जंगलात जीन लिकेन्स आणि हर्बर्ट बोरमन यांनी १९६३ पासून पावसाचे नमुने तपासले. स्वच्छ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास असतो, तेथे तो ४ च्या जवळ होता. सामूचा एक अंक घटणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे गांभीर्य कळेल.

हे आम्ल मातीतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेते. त्याच वेळी एरवी मातीत घट्ट अडकलेले ॲल्युमिनियम मोकळे होते, मुळांना इजा करते आणि ओढ्यांत उतरून माशांचे कल्ले निकामी करते. कॅल्शियमच्या अभावाची साखळी कोठवर जाते पाहा. नेदरलँड्समधील आम्लधर्मी झालेल्या जंगलांत गोगलगाईंना शंखासाठी कॅल्शियम मिळेना, त्या कमी झाल्या. गोगलगाई खाणाऱ्या रामगंगेच्या जातीतील पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची होऊ लागली आणि घरट्यातच फुटू लागली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन वाचताना कारखान्याचे धुरांडे आणि फुटके अंडे यांतील अंतर किती कमी आहे, हे जाणवते.

जर्मनीत १९८० च्या दशकारंभी 'अरण्यमृत्यू'च्या भीतीने देश हादरला होता. काही वर्षांत सारी जंगले संपतील, अशी भाकिते झाली. ती अतिरंजित ठरली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु त्यावरून धोका खोटा होता असे म्हणणाऱ्यांनी चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी आणि पोलंड यांच्या सीमेवरचा 'काळा त्रिकोण' आठवावा. गंधकयुक्त लिग्नाइट जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या छायेत तेथील डोंगरांवर स्प्रूसची हजारो हेक्टर जंगले उभ्या उभ्या वाळली. १९९० च्या दशकात काही केंद्रे बंद झाली, इतरांवर गंधक काढणारी यंत्रणा बसली, तेव्हा कुठे नवी रोपे जगू लागली. युरोपीय देशांनी १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार प्रदूषणाचा करार केला नसता, तर भाकिते कितपत चुकली असती, हा प्रश्न उरतोच.

भारतात आम्लवर्षेचा प्रश्न त्या मानाने सौम्य राहिला. आपल्या हवेतील कॅल्शियमयुक्त धूळ आम्लाला बऱ्याच अंशी उदासीन करते. मात्र कोकणातील जांभा मातीसारख्या मुळातच आम्लधर्मी जमिनींना हे संरक्षण कमी मिळते.

ओझोन: न दिसणारी घट

आपल्या शेतीचा खरा शत्रू वेगळा आहे. उंच आकाशातील ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन विष आहे. तो कोणत्याही धुरांड्यातून बाहेर पडत नाही. वाहने आणि वीजकेंद्रे यांतील नायट्रोजनची ऑक्साइडे व इंधनाच्या वाफा यांवर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. १९४४ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पालेभाज्यांवर चकचकीत, रुपेरी डाग पडू लागले, तेव्हा कारण कोणालाच कळेना. अननसाच्या गंधाचा अभ्यास करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी ते कोडे पुढे उलगडले.

शहराच्या वर्दळीत वाहनांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर हे वायू खेड्यांकडे गेले की तेथे ओझोन साठतो. म्हणजे गाड्या शहराच्या आणि नुकसान शिवाराचे. पानात शिरलेला ओझोन पेशींचे पडदे पोळतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते, पान अकाली पिवळे होते. गहू, सोयाबीन आणि कापूस यांना त्याची बाधा अधिक, भाताला तुलनेने कमी. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे ओझोन घटतो, त्यामुळे खरीप काहीसा सुटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दाणे भरणारा गहू सापडतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नुकसानीचा हिशेब मांडला. २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाने सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गमावला, असा त्यांचा २०१४ मधील अंदाज आहे. हे धान्य दारिद्र्यरेषेखालील सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरले असते. त्याच वर्षी जेनिफर बर्नी आणि व्ही. रामनाथन यांनी काजळी व ओझोन यांसह तापमानवाढीचा विचार केला आणि २०१० मधील गव्हाचे सरासरी उत्पादन एरवीपेक्षा ३६ टक्क्यांपर्यंत कमी होते, असे म्हटले. संगणकीय प्रारूपे आणि सांख्यिकी यांतून आलेले हे अंदाज आहेत. त्यांत कमीअधिक होईल. पण बनारस हिंदू विद्यापीठाच्या शेतात उघड्या छताच्या कक्षांत गाळलेली आणि न गाळलेली हवा सोडून केलेले प्रयोगही त्याच दिशेला बोट दाखवतात.

गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो. ओझोनचे तसे नाही. पीक उभे असते, हिरवे दिसते. फक्त ओंबीत दाणे कमी आणि हलके भरतात. शेतकरी बियाण्याला, खताला किंवा नशिबाला बोल लावतो.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या परिसरात तरी कारण डोळ्यांसमोर असते. राखेचा थर पानावर बसला की पर्णरंध्रे बुजतात आणि ऊन अडते, हे विदर्भातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण न दिसणाऱ्या वायूंचा पल्ला राखेपेक्षा मोठा आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वीजकेंद्रांतील नायट्रोजन डायऑक्साइडचा परिणाम शंभर किलोमीटरपर्यंतच्या भात आणि गहू यांवर होतो आणि काही भागांत घट १० टक्क्यांहून अधिक भरते. धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यास पोषक ठरणारे निकष केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये लागू केले होते. मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील सुमारे ७८ टक्के औष्णिक संचांना त्यातून सूट देण्यात आली. शहरांपासून दूर असणे हा सूट मिळण्याचा प्रमुख निकष आहे. शहरांपासून दूर शेते असतात.