औषधजन्य रक्तस्रावी मूत्राशयशोथ : अतिदाब ऑक्सिजन उपचार

कर्करोगावरील किंवा प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या काही औषधांमुळे मूत्राशयाच्या अस्तराला इजा होऊन लघवीवाटे रक्त जाते, त्या विकाराला औषधजन्य रक्तस्रावी मूत्राशयशोथ म्हणतात. नेहमीच्या उपायांनी रक्त थांबले नाही, तर रुग्णाला हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षात बसवून शुद्ध ऑक्सिजन देतात. हा ऑक्सिजन औषधाचा उतारा नव्हे. भाजल्यासारख्या झालेल्या अस्तराची जखम भरून येण्यास तो मदत करतो.

कारण : या विकारामागे मुख्यतः सायक्लोफॉस्फामाइड व आयफॉस्फामाइड ही औषधे असतात. सायक्लोफॉस्फामाइड १९५८ मध्ये जर्मनीतील नॉर्बर्ट ब्रोक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणले. लिम्फोमा व स्तनाचा कर्करोग, ल्युपसमधील मूत्रपिंडविकार आणि अस्थिमज्जा प्रतिरोपण अशा अनेक ठिकाणी ते वापरतात. यकृतात त्याचे विघटन होताना अ‍ॅक्रोलीन हा दाहक पदार्थ तयार होतो. तो मूत्रपिंडातून लघवीत उतरतो आणि लघवी साठून राहते तेवढा वेळ मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून असतो. त्यामुळे इजा सर्वांत जास्त मूत्राशयालाच होते. अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात आणि उघड्या पडलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपते.

लक्षणे : लघवीला जळजळ, वारंवार घाई, ओटीपोटात कळ आणि लालसर लघवी. सौम्य प्रकारात रक्त फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तीव्र प्रकारात गुठळ्या पडून लघवीच अडते. प्रतिरोपणानंतर काही आठवड्यांनी सुरू होणारा रक्तस्राव पुष्कळदा बीके विषाणूमुळे असतो, म्हणून कारण तपासल्याशिवाय सगळा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही.

प्रतिबंध : भरपूर सलाईन, लघवी तुंबू न देणे आणि मेस्ना हे औषध, ही प्रतिबंधाची त्रिसूत्री आहे. मेस्ना रक्तात निष्क्रिय रूपात फिरते, मूत्रपिंडात पुन्हा सक्रिय होते आणि लघवीतल्या अ‍ॅक्रोलीनला बांधून टाकते. त्यामुळे कर्करोगावरील मूळ औषधाचा परिणाम कमी होत नाही. मात्र इजा झाल्यानंतर मेस्ना ती भरून काढत नाही.

प्राथमिक उपचार : औषध थांबवणे किंवा बदलणे, रक्त व प्लेटलेट चढवणे, गुठळ्या धुऊन काढणे आणि तीन तोंडांच्या कॅथेटरमधून मूत्राशय सतत धूत राहणे. तेवढ्याने न भागल्यास दुर्बिणीतून रक्तस्रावाची जागा जाळतात किंवा तुरटीच्या द्रावणाने मूत्राशय धुतात. याच कामी फॉर्मलीनही वापरतात, पण ते वेदनादायक असते आणि मूत्राशय कायमचा आक्रसण्याची भीती राहते. शेवटचा पर्याय मूत्राशय काढण्याचा. अशा टोकाच्या उपायांकडे वळण्याआधी अतिदाब ऑक्सिजनचा विचार होतो.

तत्त्व : साधारण हवेत १०० मिलि. रक्तात सुमारे २० मिलि. ऑक्सिजन हिमोग्लोबिनला बांधलेला असतो आणि जेमतेम ०.३ मिलि. प्लाझ्मात विरघळलेला असतो. ३ वातावरणदाबाला शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास विरघळलेला भाग सुमारे ६ मिलि.पर्यंत जातो. १९६० मध्ये ॲम्स्टरडॅमचे शल्यविशारद इते बुरेमा यांनी रक्तपेशी जवळपास काढून घेतलेली डुकरे अशाच दाबाखाली जिवंत ठेवून दाखवली. मूत्राशयाच्या सुजलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या भागापर्यंत हा विरघळलेला ऑक्सिजन पोचतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावून सूज उतरते, कोलॅजन तयार होते आणि नव्या केशवाहिन्या फुटतात.

पद्धत : दाब साधारण २ ते २.५ वातावरण, म्हणजे समुद्रात १० ते १५ मीटर खोल गेल्याइतका. एक बैठक सुमारे ९० मिनिटांची, आठवड्यातून ५ दिवस, एकूण २० ते ४० बैठका. कक्षात काडेपेटी, मोबाइल, तेल लावलेले केस किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे चालत नाहीत, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीचाही भडका उडतो.

पुरावा : किरणोत्सर्गाने झालेल्या मूत्राशयशोथावर हा उपचार १९८० च्या दशकापासून नोंदला गेला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतील ५ विद्यापीठ रुग्णालयांच्या यादृच्छिक चाचणीत अशा रुग्णांची लक्षणे नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी झाली. औषधजन्य प्रकारात मात्र आधार मुख्यतः एकेकट्या रुग्णांच्या व छोट्या गटांच्या वृत्तांतांचाच आहे. एका प्रकारातला अनुभव दुसऱ्या प्रकाराला जसाच्या तसा लावणे योग्य नाही, कारण किरणोत्सर्गाची इजा वर्षानुवर्षे वाढत जाते, तर अ‍ॅक्रोलीनची इजा पुष्कळदा आपोआपही भरते.

धोके : कानाच्या पडद्यावर ताण, तात्पुरती लघुदृष्टी, बंद जागेची भीती आणि क्वचित झटके. छातीत हवा साठली असेल व तिचा निचरा केलेला नसेल, तर हा उपचार करत नाहीत. ब्लिओमायसिन, डॉक्सोरुबिसिन यांसारखी औषधे घेतलेल्यांत विशेष खबरदारी लागते.

मुंबईतील संदर्भ : या उपचाराचे दोन्ही धागे, म्हणजे बुडी मारणाऱ्यांचे वैद्यक आणि कर्करोगावरील उपचार, मुंबईत सापडतात. अतिदाब कक्षाची मुळे समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या वैद्यकात आहेत. कुलाब्याचे नौदल रुग्णालय ‘अश्विनी’ हे सागरी वैद्यकाचे केंद्र आहे. परळमध्ये के. ई. एम. (स्थापना १९२६) व टाटा स्मारक (स्थापना १९४१) ही रुग्णालये आहेत. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रतिरोपण टाटा स्मारकात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये झाले. प्रतिरोपणाआधी सायक्लोफॉस्फामाइडची मोठी मात्रा देण्याची पद्धत असल्याने तेथे मूत्राशयाची काळजी हा उपचाराचाच भाग ठरतो. बाहेरगावच्या रुग्णाला ४० बैठका म्हणजे मुंबईत ८ आठवडे राहणे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा निवासव्यवस्थांवाचून बऱ्याच कुटुंबांना तो पल्ला गाठता येत नाही. म्हणूनच सलाईन व मेस्ना वेळेवर मिळणे आणि लघवीचा रंग बदलताच त्याच दिवशी डॉक्टरांना सांगणे, हे कोणत्याही कक्षापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे पडते.