आकासेन चिताई

आकासेन चिताई : (लाल रेघेची वस्ती). वेश्यांच्या जीवनावरील अभिजात जपानी चित्रपट. केंजी मिझोगुची (१८९८–१९५६) या थोर दिग्दर्शकाची ही अखेरची कलाकृती. दाइएई कंपनीचा हा कृष्णधवल चित्रपट मार्च १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. इंग्रजीत तो ‘स्ट्रीट ऑफ शेम’ या नावाने ओळखला जातो. पटकथा मासाशिगे नारुसावा यांची असून तिचा काही भाग योशिको शिबाकी या लेखिकेच्या कथेवरून घेतला आहे. छायालेखन काझुओ मियागावा यांचे, संगीत तोशिरो मायुझुमी यांचे.

पार्श्वभूमी : जपानमधील परवानाधारक वेश्याव्यवसायाची जुनी पद्धत १९४६ मध्ये रद्द झाली, तरी ठरावीक वस्त्यांत धंदा चालूच राहिला. पोलीस या वस्त्या नकाशावर लाल रेघेने दाखवत. त्यावरून ‘आकासेन’ हा शब्द रूढ झाला. टोकियोतील योशिवारा ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वस्ती.

कथानक : योशिवारातील ‘ड्रीमलँड’ या कुंटणखान्यात चित्रपट घडतो. बाहेर संसदेत वेश्याव्यवसायबंदीच्या विधेयकावर वाद चालू आहे. सरकार करत नाही ते आम्ही करतो, आम्हीच तुमचे पोशिंदे, असे मालक तेथील बायकांना ऐकवत राहतो. हानाए (मिचियो कोगुरे) क्षयग्रस्त, बेकार नवरा आणि तान्हे मूल पोसते. विधवा युमेको (आइको मिमासु) मुलासाठी झिजते. त्यानेच झिडकारल्यावर तिला वेड लागते. योरिए लग्न करून सुटते, पण सासरी फुकटात राबावे लागल्याने परत येते. कोबेच्या सधन घरातली मिकी (माचिको क्यो) न्यायला आलेल्या वडिलांपुढे त्यांच्याच बाहेरख्यालीपणाचा पाढा वाचते. एकटी यासुमी (आयाको वाकाओ) यातून बाहेर पडते, तीही गिऱ्हाइकाला फसवून आणि सोबतिणींना व्याजाने पैसे देऊन.

मूल्यमापन : मिझोगुचींच्या थोरल्या बहिणीला घरच्या गरिबीमुळे दत्तक द्यावे लागले व पुढे ती गेशा झाली. पुरुषांच्या जगात भरडल्या जाणाऱ्या स्त्रिया हा त्यांचा आयुष्यभराचा विषय ठरला. ‘गिऑनच्या बहिणी’ (१९३६) व ‘ओहारूचे जीवन’ (१९५२) हे त्यांचे चित्रपटही याच वाटेवरचे. येथे मात्र एका नायिकेऐवजी अनेकींचा संसार ते मांडतात आणि कोणाही स्त्रीला पापिणी किंवा देवी ठरवत नाहीत. या स्त्रियांच्या पायांतली बेडी कर्जाची आहे, हे चित्रपटाचे मर्म. मायुझुमींचे चमत्कारिक, थरथरते सूर प्रेक्षकाला स्वस्थ बसू देत नाहीत.

चित्रपटात विधेयक फेटाळले जाते. प्रत्यक्षात प्रदर्शनानंतर दोनच महिन्यांनी, मे १९५६ मध्ये, वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा संमत झाला. १ एप्रिल १९५८ पासून त्यातील शिक्षेच्या तरतुदी लागू झाल्या आणि ‘आकासेन’ वस्त्या बंद पडल्या. ऑगस्ट १९५६ मध्येच निवर्तलेल्या मिझोगुचींना तो दिवस दिसला नाही. चित्रपटाच्या अखेरच्या दृश्यात खाणकामगाराची कोवळी मुलगी शिझुको पहिल्यांदाच रंगवलेल्या चेहऱ्याने खांबाआड अर्धी लपून, चाचरत गिऱ्हाइकाला हाक मारते. जुन्या बायका जातात, तशीच गरजू नवी मुलगी त्यांच्या जागी उभी राहते. विधेयकाच्या वादात न उमटलेले हे सत्य त्या एका चेहऱ्यावर दिसते.