जुन्या गाडीचा भाग गॅरेजमध्ये तुटला, तर भुर्दंड कोणाचा?

मोटारीने वयाची दहा-बारा वर्षे ओलांडली की गॅरेजमधील व्यवहारात एक नवाच वाद डोके वर काढतो. गाडी एका कामासाठी दिलेली असते आणि काम चालू असताना दुसराच एखादा भाग तुटतो. ‘सांभाळून काम केले असते तर तुटला नसता,’ असे मालकाचे म्हणणे. ‘भाग सडलाच होता, आज ना उद्या तुटणारच होता,’ असे मेकॅनिकचे उत्तर. अनेकदा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, आणि म्हणूनच हा वाद चिघळतो. छोट्या गॅरेजवाल्याची दोन-तीन दिवसांची कमाई एका भागाच्या किमतीत जाऊ शकते. दुसरीकडे, ज्याला नवी गाडी घेणे परवडत नाही, अशा मालकावर अनपेक्षित खर्च कोसळतो. अशा प्रसंगी कायदा काय सांगतो आणि न्याय्य वाटणी कशी करता येते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

भाग का तुटतात?

यंत्राचे वय वाढते, तसे त्याचे सांधे धरतात. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचे इंजिन-हेड यांच्या संयोगावर ओलावा पोहोचला की गंज वेगाने चढतो. मुंबई व कोकणपट्टीतील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या क्रियेला हातभारच लावतात. सायलेन्सरकडील स्टड वारंवार तापून-निवून ठिसूळ होतात. ब्रेकचे निपल वर्षानुवर्षे न उघडल्याने जाम होतात. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी, डॅशबोर्डच्या क्लिपा आणि वायरिंगचे कनेक्टर उष्णतेने कडक होऊन हात लावताच तडकतात. अशा भागांवर कुशल कारागीरही कधी कधी हतबल ठरतो.

याउलट काही तुटफूट निव्वळ हलगर्जीपणाची असते. इंजिन गरम असतानाच स्पार्क प्लग काढल्याने हेडचे आटे जाणे, ऑइल बदलल्यावर तळाचा बोल्ट बेसुमार आवळल्याने सम्पचे आटे घासणे, योग्य मापाचा पान्हा नसताना पक्कड लावून बोल्टचे डोके गोल करणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे. येथे भागाचे वय हे निमित्त असते. कारण मात्र कारागिराचा हात असतो.

कायद्याची भूमिका

गाडी दुरुस्तीसाठी ताब्यात देणे हा भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये ‘बेलमेंट’चा, म्हणजे विशिष्ट हेतूसाठी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा व्यवहार होय. या कायद्याचे कलम १५१ असे सांगते की, वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य विवेकाचा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी घेतली पाहिजे. कलम १५२ नुसार, एवढी काळजी घेऊनही वस्तूची हानी झाली आणि वेगळा करार नसला, तर तो जबाबदार ठरत नाही. म्हणजेच भाग तुटला एवढ्यावरून गॅरेजवाला दोषी ठरत नाही, आणि भाग जुना होता एवढ्यावरून तो सुटतही नाही. प्रश्न काळजीचा असतो.

ती काळजी घेतली होती हे सिद्ध कोणी करायचे? ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिलेला निकाल येथे मार्गदर्शक आहे. दिल्लीतील हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे पार्किंगसाठी सोपवलेली मोटार १९९८ मध्ये चोरीला गेली होती आणि पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असा मजकूर होता. गाडी सुस्थितीत परत न मिळाल्यास, आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याचा भार प्रथम ती ताब्यात घेणाऱ्यावर येतो आणि ते दाखवल्याखेरीज अशा मजकुराचा आधार घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. खटला चोरीचा असला, तरी त्यातील तत्त्व गॅरेजच्या भिंतीवरील ‘गाडीच्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ या पाटीलाही लागू पडण्याजोगे आहे. ‘हाताखालच्या मुलाने केले’ हाही बचाव होत नाही. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची जबाबदारी मालकाचीच असते.

पूर्वसूचना हीच कळीची गोष्ट

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत निष्काळजीपणाबरोबरच आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवण्याचाही समावेश केला आहे. कोणता बोल्ट तुटण्याचा संभव आहे, हे गाडीमालकाला ठाऊक नसते. अनुभवी मेकॅनिकला ते पाहताक्षणी कळते. हे त्याने आधी सांगितले, तर मालकाला निवड करता येते: जोखीम पत्करायची, पर्यायी भाग आधी आणून ठेवायचा, की काम पुढे ढकलायचे. पूर्वकल्पना देऊनही मालकाने होकार दिला आणि काम रीतसर झाले, तर भागाचा खर्च मालकानेच सोसणे न्याय्य ठरते. भाग तुटल्यानंतर ‘तो तसाही गेलाच होता’ असे सांगणे मात्र पूर्वसूचनेची जागा घेऊ शकत नाही.

हे बंधन एकतर्फी नाही. सोपवलेल्या वस्तूतील, आपल्याला ठाऊक असलेले आणि समोरच्याला असाधारण जोखमीत टाकणारे दोष उघड करणे हे करार कायद्याच्या कलम १५० नुसार वस्तू देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. पूर्वी एखादा सांधा एम-सील लावून बुजवला असेल, आटे गेल्याने बोल्ट कसाबसा बसवला असेल, तर ते न सांगता गाडी सोपवणाऱ्या मालकाची बाजू दुबळी होते.

भरपाई किती?

दोष गॅरेजचा ठरला, तरी नव्या भागाची पूर्ण किंमत मिळतेच असे नाही. आठ वर्षे वापरलेल्या भागाऐवजी कोरा भाग मिळाला, तर मालकाचा फायदाच होतो, असा युक्तिवाद केला जातो. मोटार विम्यात हा विचार फार पूर्वीपासून रूढ आहे. २००२ च्या मोटार टॅरिफनुसार रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा धरतात. काचेवर धरत नाहीत. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढत जाऊन ५ ते १० वर्षांसाठी ४० टक्के व त्यापुढे ५० टक्के होतो. गॅरेजमधील वादात हे दर बंधनकारक नाहीत. परंतु तडजोडीला बसताना ते एक तयार मोजमाप देतात.

त्यातही तारतम्य हवे. क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट, बॅटरी हे ठराविक काळाने बदलावेच लागणारे भाग आहेत. त्यांच्या उरलेल्या आयुष्याइतकीच भरपाई मागणे रास्त. दाराचा हँडल, ब्रॅकेट किंवा इंजिनचे हेड मात्र सहसा गाडीबरोबरच आयुष्य काढतात. असा भाग नवा बसवल्याने मालकाच्या पदरात विशेष काही पडत नाही. तेथे घसाऱ्याची वजावट अन्याय्य होते.

नुकसानभरपाईसंबंधीचे कलम ७३ आणखी एक मर्यादा घालते. नुकसान आटोक्यात ठेवण्याचे जे उपाय उपलब्ध होते, तेही भरपाई ठरवताना विचारात घेतले जातात. प्लगचे आटे गेले असतील आणि धातूची नवी आटेदार बुशी बसवून हेड पूर्ववत टिकाऊ होत असेल, तर संपूर्ण नव्या हेडची मागणी टिकणे अवघड. मारुती ८०० किंवा ॲम्बेसेडरसारख्या, २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या गाड्यांच्या बाबतीत कुर्ल्यातील किंवा पुण्याच्या नाना पेठेतील बाजारातून मिळणारा चांगल्या स्थितीतील जुना भाग हाही ‘जुन्याला जुने’ असा न्याय्य तोडगा ठरतो. व्यवहारात रूढ असलेली आणखी एक वाटणी म्हणजे भागाची खरेदी-किंमत मालकाने द्यावी आणि तो बसवण्याची मजुरी गॅरेजने सोडावी. दोष कोणाचाच स्पष्ट नसेल, तेथे ती उभयपक्षी मान्य होण्यासारखी आहे.

गाडी अडवून ठेवली तर?

केलेल्या कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क कलम १७० कारागिराला देते. त्यामुळे वाद झाला म्हणून संपूर्ण बिल नाकारणे मालकाला महागात पडू शकते. बिलावर वा स्वतंत्र पत्रात हरकत लेखी नोंदवून रक्कम भरावी, गाडी सोडवून घ्यावी आणि मग वादग्रस्त रकमेची मागणी करावी, हा मार्ग अधिक सुरक्षित होय. तुटलेला भाग मात्र न विसरता परत घ्यावा. तुटलेल्या जागी जुना गंज आहे की ताजी, चकचकीत फट, यावरून तज्ज्ञाला बरेच काही सांगता येते. तो भंगारात गेला की पुरावाही जातो.

दाद कोठे मागावी?

प्रथम गॅरेजला लेखी पत्र द्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यास न्यायालयाबाहेर तडजोड होऊ शकते. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. २०२५ पासून ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. टॅक्सी किंवा रिक्षा स्वतः चालवून उदरनिर्वाह करणारा मालकही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असतो. तथापि, आयोगापुढील प्रकरणे रेंगाळतात, हे ध्यानात घेता हजार-दोन हजारांच्या वादात समेट शहाणपणाचा.

वाहनधारकांसाठी थोडक्यात

- गाडी देताना जॉबकार्डवर कामाचे स्वरूप व अंदाजे खर्च लिहून घ्यावा. छोट्या गॅरेजमध्ये साधी चिठ्ठी किंवा मोबाइलवरील संदेशही चालतो.
- कामाशी संबंधित भागांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत.
- ‘या कामात काय तुटू शकते, आणि तुटल्यास खर्च कोणाचा?’ हे आधीच विचारावे.
- पूर्वीच्या दुरुस्त्यांची माहिती मेकॅनिकपासून लपवू नये.
- पक्के बिल घ्यावे. बिल नसल्यास सेवा घेतल्याचे सिद्ध करणेच कठीण जाते.

जुन्या गाडीचा मालक आणि तिला चालती ठेवणारा कारागीर यांना परस्परांची गरज असते. गाडी जितकी जुनी, तितकी ती गरज मोठी. झिजेचा खर्च मालकाचा आणि हलगर्जीपणाचा खर्च गॅरेजचा, एवढे सूत्र दोघांनी मान्य केले आणि पान्हा लावण्यापूर्वीच दोन वाक्ये बोलून घेतली, तर यांतील बहुतेक वाद आयोगाच्या पायरीपर्यंत जाणारच नाहीत.